यशोधराताई आणि जीवशास्त्राचं भूत

जबलपूरच्या राइट टाउनमधल्या ज्या शाळेत माझी मुलगी प्रणोती शिकते, त्या शाळेचं नाव मी इथे लिहिणार नाही. शाळेची तशी विनंती आहे, आणि प्रणोतीची बारावी अजून व्हायची आहे. त्या शाळेच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करणाऱ्या यशोधरा गजभिये यांचं नाव लिहायला मात्र त्यांची स्वतःची हरकत नाही. "लिहा ना भाऊ," त्या म्हणाल्या, "आतापर्यंत माझं नाव मस्टरवर अन् मेमोवरच लिहिल्या गेलं आहे."

यशोधराताईंचे वडील नारायणराव भंडाऱ्याकडून जबलपूरला आले, आयुध कारखान्यात लागले आणि रांझीला घर बांधून राहिले. घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी, अशी त्या घराची रीत. ताई बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना नारायणराव वारले. पुढचं वर्ष झालंच नाही, आणि काही वर्षांनी त्या या शाळेत 'प्रयोगशाळा परिचर' म्हणून लागल्या. परिचर म्हणजे बरण्या पुसणारी, काचपट्ट्या धुणारी, झुरळं आणवणारी आणि ज्या शिक्षकाला सूक्ष्मदर्शक लावता येत नाही त्याला तो लावून देऊन शांतपणे बाजूला होणारी व्यक्ती. चोवीस वर्षांत असे सात शिक्षक त्यांच्या हाताखालून गेले. कागदोपत्री अर्थात त्या शिक्षकांच्या हाताखाली होत्या.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात काचेच्या कपाटात एक सांगाडा होता. प्लास्टिकचा नव्हे, खरा. ताई नोकरीला लागल्या त्याच्याही आधीपासून तो तिथे कवटीतल्या आकड्याला लटकत होता. मुलांच्या कुठल्यातरी जुन्या तुकडीने त्याचं नाव 'हड्डीलाल' ठेवलं होतं, आणि तेच पुढच्या प्रत्येक तुकडीकडे वारशाने येत गेलं. हड्डीलालला कधी मिशा लागायच्या, कधी क्रिकेटची टोपी. शिक्षकदिनी एकदा त्याला शाल आणि नारळ मिळाला होता. ताई दर आठवड्याला त्याच्या मिशा काढायच्या आणि स्पिरिटच्या बोळ्याने हाडं पुसायच्या. त्यांना त्याचं काही वाटत नसे. त्यांच्या यादीत तो बरणीतला गोलकृमी आणि भिंतीवरचा हृदयाचा तक्ता यांच्या मधे होता.

मागच्या जानेवारीत शाळेने विज्ञान प्रदर्शन भरवायचं ठरवलं. विषय होता 'विज्ञानातून संस्कार'. याचा अर्थ काय, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. पण फलक छान झाला होता. प्रणोतीच्या वर्गातला अक्षत हा मुलगा घड्याळापासून मिक्सरपर्यंत सगळं उघडून बसणारा. त्याने ठरवलं की हड्डीलालला बोलतं करायचं. जबड्याला छोटी मोटर, बरगड्यांच्या आत ब्लूटूथ स्पीकर, आणि अक्षतच्या मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलेली माहिती. आवाज आला की जबडा हलणार. "नमस्कार, मेरे शरीर में दो सौ छह हड्डियाँ हैं," असं हड्डीलाल पाहुण्यांना स्वतःच्या तोंडाने सांगणार. प्रणोतीने माहिती लिहिली, अक्षतने तारा जोडल्या, आणि स्पीकर बरगड्यांत बांधायचं नाजूक काम अर्थातच ताईंकडे आलं.

जीवशास्त्राचे विपुल सर फार खूश झाले. तरुण माणूस, गळ्यात ओळखपत्र, तोंडात कायम 'इनोव्हेशन'. त्यांनी लगेच प्राचार्य श्यामसुंदरजींना बोलावून आणलं. प्राचार्यांनाही कल्पना आवडली, फक्त एक सुधारणा हवी होती: हड्डीलालने आधी प्राचार्यांचं स्वागतपर भाषण म्हणावं. ते भाषण त्यांच्याच मोबाइलमध्ये होतं. मग प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी अक्षतने त्यांचा मोबाइल स्पीकरला जोडला, आणि हड्डीलाल सव्वा सहा मिनिटं जबडा हलवत विद्यार्थ्यांच्या चारित्र्याविषयी बोलला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्य मोबाइल खिशात घालून गेले. तो जोड तोडायला मात्र सगळेच विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला प्रयोगशाळा गच्च भरली होती. नववी-दहावीची मुलं, काही पालक, पाहुणे म्हणून आलेले एक निवृत्त अधिकारी. रजा काढून मीही गेलो होतो. अक्षतने स्पीकर चालू केला आणि मोबाइलचं बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. हड्डीलाल गप्प. तेवढ्यात जबडा खाडकन उघडला आणि आतून एका बाईचा आवाज आला.

"सुनो! कब से बैठी हूँ यहाँ. कोई लेने ही नहीं आया."

खोलीतलं कुजबुजणं थांबलं.

"मेरी आवाज़ आ रही है कि नहीं?" हड्डीलाल म्हणाला. म्हणजे म्हणाली. जबडा दर शब्दाला दातावर दात आपटत होता. "सबको अपनी-अपनी पड़ी है. मेरा कोई है कि नहीं? आज घर ले चलो, नहीं तो मैं ख़ुद आ जाऊँगी. और फिर देखना!"

दहावीतल्या तीन मुली एका ओळीत खाली बसल्या आणि तिथून आडव्या झाल्या. निवृत्त अधिकारी आयुष्यभराच्या शिस्तीने सर्वांत आधी दरवाजाबाहेर पडले. नववीतल्या एका मुलाने सूक्ष्मदर्शकाचा टेबल ओलांडून खिडकी गाठली. विपुल सरांच्या तोंडून इनोव्हेशन निघालं नाही. मी स्वतः काय केलं ते सांगत नाही; प्रणोती सांगते, सगळ्यांना सांगते.

दरवाजात प्राचार्य श्यामसुंदरजी उभे होते. हातात मोबाइल आणि चेहरा पांढराफटक. त्यांनी मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि त्याच क्षणी हड्डीलालचं तोंड मिटलं.

हा योगायोग त्या गोंधळात एकट्या यशोधराताईंनी पाहिला. बाकीचे पळत होते, आणि ताई हड्डीलालला टांगलेल्या, कोसळू पाहणाऱ्या स्टॅंडला धरून उभ्या होत्या, म्हणून त्यांचं तोंड दरवाजाकडे होतं.

अक्षतला संध्याकाळपर्यंत सगळं उलगडलं. त्या वेळी त्याचा मोबाइल स्पीकरला जोडलेलाच नव्हता. स्पीकरला आयुष्यात दोनच मोबाइल माहीत होते, एक त्याचा आणि दुसरा प्राचार्यांचा. प्राचार्य दरवाजापाशी आले, स्पीकरने जुनी ओळख लक्षात ठेवून त्यांचा मोबाइल धरला, आणि नेमका तेव्हा आलेला फोन त्यांनी उचलला. जोडलेल्या मोबाइलवर फोन उचलला की समोरच्याचा आवाज कानात येत नाही, स्पीकरमधून येतो. प्राचार्यांच्या पत्नी चार दिवसांपासून शहपुऱ्याला माहेरी गेल्या होत्या आणि त्यांना आणायला जायचं राहून जात होतं, हे शाळेतल्या शिपायालाही ठाऊक होतं.

अक्षतने हे विपुल सरांना सांगितलं. सर म्हणाले, "देखो बेटा, विज्ञानाला सगळंच मोजता येतं असं नाही." आणि जरा थांबून, "प्रॅक्टिकलचे गुण शाळेच्या हातात असतात, हे मात्र मोजता येतं." अक्षतने तो विषय तिथेच सोडला.

प्राचार्यांनाही खरं काय ते माहीत होतं. शाळेत भूत असलेलं बरं, की घरात बायको रागावलेली असल्याचं आठशे मुलांना कळलेलं बरं, या प्रश्नावर त्यांनी भुताच्या बाजूने निर्णय दिला.

व्हिडिओ दुपारी दोनपर्यंत सगळ्या गटांवर फिरला. चारपर्यंत त्याला संगीत लागलं. सोमवारी पालकसभा झाली. अशी गर्दी निकालाच्या दिवशीसुद्धा नसते. माझ्या शेजारी बसलेले एक अभियंता पालक म्हणाले, "मी स्वतः मानत नाही, पण शाळेने उपाय करायला काय हरकत आहे?" जवळजवळ प्रत्येक जण उठून हेच वाक्य बोलला. न मानणाऱ्यांची इतकी मोठी सभा मी पाहिली नव्हती. घरी माझी बायको अर्चना, रसायनशास्त्रात एम.एस्सी., प्रणोतीच्या दप्तरात लिंबू ठेवत होती. मी विचारलं तर म्हणाली, "क जीवनसत्त्व आहे."

उपाय सुरू झाले. आधी प्रयोगशाळेत हवन झालं. त्याच्या धुराने नव्याने बसवलेला धूरसूचक वाजला आणि भुताच्या किंकाळीचा दुसरा व्हिडिओ तयार झाला. कोणा पालकाने तावीज आणून कपाटाच्या कडीला बांधला, दुसऱ्याने प्रार्थना केलेलं पाणी शिंपडलं. सूक्ष्मदर्शकांच्या कपाटावर लिंबू-मिरची लटकली. सर्वधर्मसमभावावर आमच्या शाळेत दरवर्षी निबंधस्पर्धा होते, पण तो असा साक्षात कधी उतरला नव्हता. विपुल सरांनी मोबाइलवर कसलंसं ॲप उतरवलं आणि हड्डीलालच्या डोक्याभोवती फिरवून 'नकारात्मक ऊर्जा' जास्त असल्याचं जाहीर केलं. ॲपमध्ये अधूनमधून चपलांची जाहिरात यायची, तेवढीच काय ती अडचण.

प्राचार्यांनी ताईंनाही विचारलं. "गजभिये जी, आप लोगों में ऐसे में क्या करते हैं?"

ताई म्हणाल्या, "आमच्यात आत्मा मानत नाहीत, सर. भटकायला कोणी उरतच नाही."

"फिर भी, कुछ तो करते होंगे?"

"कामावर येतो, सर."

आता खरा प्रश्न हवन करणाऱ्या पंडितजींनी काढला. ते शांत, जाणते गृहस्थ होते, आणि त्यांनी विचारलेला प्रश्न त्या पंधरवड्यातला पहिला शहाणा प्रश्न होता. पुढचे विधी करायचे तर हा कोण आहे? पुरुष की स्त्री? वय काय? कुठल्या घरचा? प्राचार्यांनी विपुल सरांकडे पाहिलं, विपुल सरांनी प्रणोतीकडे. प्रणोतीला जीवशास्त्रात पैकीच्या पैकी मिळतात, आणि सरांना त्या कपाटाजवळ जायचं नव्हतं.

मधल्या सुट्टीत प्रणोती आणि ताई प्रयोगशाळेत गेल्या. दुपारची वेळ, बाहेर मैदानात कबड्डी चाललेली. ताईंनी सांगाडा कपाटातून काढून लांब टेबलावर आडवा ठेवला. प्रणोतीने पुस्तक उघडलं, मोजपट्टी घेतली. आधी कंबरेचं हाड पाहिलं.

"दीदी, हे रुंद आहे. ही स्त्री आहे."

"बरं झालं," ताई म्हणाल्या, "इतके दिवस फुकट मिशा लावल्या पोट्ट्यांनी."

दोघी हसल्या. मग प्रणोतीने मांडीचं हाड गुडघ्यापाशी नीट पाहिलं. तिथे हाडाच्या टोकाला एक बारीक रेघ होती, टोक वेगळं तुकड्यासारखं दिसत होतं. वाढ पुरी झाली की ती रेघ बुजते, असं पुस्तकात लिहिलेलं. खांद्याला तीच रेघ, मनगटाला तीच. अक्कलदाढा आलेल्याच नव्हत्या. प्रणोती मोजत राहिली, लिहीत राहिली आणि एकदम थांबली.

"दीदी, ही मोठी नव्हती. पंधरा-सोळा. माझ्याएवढी." आणि मग हिंदीत, कारण घाबरली की ती हिंदीत जाते, "दीदी, ये तो मेरी क्लास की लड़की है."

ताईंनी सांगाड्याचा डावा हात उचलला. कोपर आणि मनगटाच्या मधे हाड जरासं वाकडं होतं, तिथे गाठ आलेली.

"हे मले पहिल्यापासून माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पुसताना हाताले लागते. मले वाटलं, बनवतानाच वाकडं बनलं असंन."

"बनवत नाहीत ना दीदी," प्रणोती म्हणाली. "हात मोडला होता तिचा. अन् जुळून आला. कोणीतरी बसवलाय. बांधून ठेवला असेल, नाहीतर इतका सरळ नाही येत."

पडली असेल झाडावरून, नाहीतर ओट्यावरून. कोणीतरी तिला उचलून कोणाकडे तरी नेलं असेल, फळी बांधली असेल, महिनाभर हात हलवू नको म्हणून ओरडलं असेल. जिच्या हातासाठी एवढं केलं ती पोरगी पुढे कोपऱ्यातल्या कपाटात कशी आली, हे पुस्तकात नव्हतं. त्या काळी असे सांगाडे विकत मिळत. ते कुठून येतात हे विचारायची पद्धत नव्हती. गरिबाघरचं मेलेलं माणूस कुठे जातं, हे तरी कोण विचारतं.

ताईंनी टेबलावरच्या सांगाड्यावर आपली ओढणी टाकली आणि खुर्चीत बसल्या. घंटा झाली तरी त्या उठल्या नाहीत. चोवीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

प्रणोतीचा अहवाल प्राचार्यांकडे गेला. आता तरी आपण काहीतरी शिकू, अशी माझी समजूत होती. घडलं असं की पालकांच्या गटावर बातमी पोचली, 'मुलगी आहे, तीही कुंवारी', आणि घबराट दुप्पट झाली. कारण पुरुष भुतापेक्षा कुमारिका भूत जास्त जहाल असतं, याबद्दल न मानणाऱ्या सगळ्यांचं एकमत होतं. पंडितजी म्हणाले, कुळ-गोत्र ठाऊक नाही, हिंदू होती की नाही हेही ठाऊक नाही, मी संस्कार कसा करू? तावीजवाले म्हणाले, ती आमची असल्याचा काय पुरावा? पाणी शिंपडणाऱ्यांनी नुसती मान हलवली. तिला शांत करायला सगळे आले होते. आपली म्हणायला कोणी तयार नव्हतं.

प्राचार्यांनी मग व्यवहारी तोडगा काढला. ताईंना खोलीत बोलावून दार लावलं. "गजभिये जी, एक बोरी में डालिए और तिलवारा पुल से नर्मदा जी में छोड़ आइए. चुपचाप. मैया सबको तार देती हैं."

"सर, पुलावर पोलिसानं विचारलं बोरीत काय आहे, तर काय सांगू? जीवशास्त्र?"

"बात मत बढ़ाइए."

"मी कुठं वाढवून राहिले? तुम्ही पोलिसात चिठ्ठी द्या. डॉक्टर बोलवा. कागद करा. मग मी नेते तिले, स्मशानात, रीतसर."

"आप बहुत बोलने लगी हैं."

ताई उठल्या. दाराशी जाऊन वळल्या आणि अगदी घरगुती आवाजात विचारलं, "मॅडम आल्या का सर, शहपुऱ्याहून? लई वेळ बसून होत्या म्हणे. कोणी न्यायलेच नव्हतं आलं."

प्राचार्यांनी त्याच दुपारी पोलिसांना पत्र लिहिलं.

पोलिस आले, एक डॉक्टर आले. त्यांनी प्रणोतीचा अहवाल वाचला, हाडं पाहिली आणि तिचं म्हणणं बरोबर ठरवलं. सांगाडा खूप वर्षांपूर्वी रसायनं लावून तयार केलेला होता. गुन्हा नोंदवण्याइतका नवा नव्हता आणि संग्रहालयात ठेवण्याइतका जुना नव्हता. हवालदारांनी शिक्का मारला. अंत्यसंस्काराला हरकत नाही.

नेणार कशात, हा प्रश्न आला. ऑटोवाल्याने 'क्या है' विचारलं आणि उत्तर ऐकून ऑटो वळवला. दुसऱ्याने उत्तर ऐकायच्या आधीच वळवला. शेवटी प्रणोतीने माझ्याकडे पाहिलं. माझी गाडी चार महिन्यांची होती, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अर्चनाने काढू दिलं नव्हतं. मी म्हटलं, चला.

सांगाडा तारांनी जोडलेला, त्यामुळे तो घडी होईना. डिकीत मावला नाही. मागच्या सीटवर मधे बसवावा लागला, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला प्रणोती, पुढे माझ्याशेजारी अक्षत. ताईंनी त्याच्यावर चादर गुंडाळली होती, पण वळणावर मान डुलायची आणि चादर घसरायची. मेडिकल कॉलेजच्या पुढे नागपूर रस्त्यावर वाहतूक पोलिसाने हात केला. मी काच खाली केली. तो वाकला, मागे पाहिलं आणि तसाच वाकलेला राहिला.

"भैया, बेल्ट लगा है उसका," ताई म्हणाल्या आणि शिक्क्याचा कागद पुढे केला.

त्याने कागद वाचला. टोपी काढली की डोकं खाजवलं, ते मला कळलं नाही. "जाइए," म्हणाला, "आराम से जाइए."

तिलवाऱ्याच्या घाटाजवळच्या स्मशानात पोचलो तर तिथे आधीच नऊ मुलं उभी होती, शाळेच्या गणवेशात. घरी सगळ्यांनी भौतिकशास्त्राचा जादा तास सांगितला होता. एकीने झेंडू आणले होते. एक जण हड्डीलालची जुनी क्रिकेटची टोपी घेऊन आला होता. ती द्यावी की नाही ते त्याला कळेना, म्हणून तो ती मागे लपवून उभा होता.

स्मशानातल्या माणसाने नोंदवही उघडली. "नाम?"

मुलं पुढे सरसावली. कोणी मीरा सुचवलं, कोणी परी. अक्षतने एक यादीच केली होती. ताईंनी हात वर केला.

"तिले नाव होतं. तिच्या मायनं ठेवलं होतं. आपल्याले माहीत नाही, म्हणून काहून बदलायचं?" आणि त्या माणसाला म्हणाल्या, "लिखो, मालूम नहीं."

"उमर?"

"सोळा," प्रणोती म्हणाली.

"धर्म?"

"मालूम नहीं."

"मृतक से संबंध?" त्याने ताईंकडे पाहिलं. हा रकाना रिकामा ठेवता येत नाही, असं तो म्हणाला.

ताईंनी पेन स्वतःच्या हातात घेतलं आणि लिहिलं: प्रयोगशाळा परिचर.

त्या माणसाने ते वाचलं आणि शिक्का मारला.

तारा काढायला अर्धा तास लागला. अक्षतने पक्कड आणली होती. त्याने बांधलेली मोटर अजून जबड्यात होती. ती सोडवताना त्याला हसू यायला लागलं, थांबेना, वाकून वाकून हसला, आणि मग तसाच खाली बसून रडायला लागला. ताईंनी हाडं लाकडांवर नीट मांडली, डोकं, हात, पाय, जिथलं तिथे. एवढी वर्षं सांभाळलेलं, एकही इकडचं तिकडे झालं नाही. डावा हात त्यांनी सर्वांत शेवटी ठेवला.

"मले एवढंच येते," म्हणाल्या आणि त्रिशरण, पंचशील म्हटलं. मुलांना काय म्हणायचं ते कळलं नाही, पण हात जोडलेले होते. टोपीवाल्याने शेवटी टोपी ठेवलीच. सुकी हाडं लवकर जळतील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. आम्ही तीन तास तिथे होतो.

त्यानंतरचं सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. प्राचार्यांनी प्रार्थनेच्या वेळी जाहीर केलं की हवनाचा परिणाम झाला असून शाळेचं वातावरण शुद्ध आहे. विपुल सरांनी 'विज्ञान आणि सूक्ष्म ऊर्जा' या विषयावर ऑनलाइन व्याख्यान दिलं, त्यात चित्रं होती. अक्षतला प्रदर्शनात बक्षीस मिळालं नाही. ते सौरऊर्जेच्या कुकरला गेलं, जो तापलाच नव्हता. प्राचार्यांच्या पत्नी शहपुऱ्याहून स्वतःच बस धरून परत आल्या. त्यांनी तो व्हिडिओ पाहिला, स्वतःचा आवाज ओळखला आणि पुढे त्या घरात काय झालं ते माहीत नाही. पण तेव्हापासून प्राचार्य फोन पहिल्या घंटेला उचलतात.

यशोधराताईंना कारणे दाखवा नोटीस आली. शालेय साहित्य, अस्थिसंच एक, विनापरवानगी नष्ट केल्याबद्दल. ताईंनी पोलिसांचा कागद जोडून उत्तर दिलं, 'साहित्य सापडत नाही, मुलगी सापडली.' प्रणोतीने त्याचं हिंदी करून दिलं. पुढे काही आलं नाही. बहुधा फाइल कुठल्या रकान्यात लावावी, ते कळलं नसेल.

मार्चमध्ये मी प्रणोतीचा निकाल घ्यायला शाळेत गेलो, तेव्हा ताईंनी प्रयोगशाळेत चहा दिला. मोजपात्रातून दिला, पण धुतलेल्या. मी त्यांना विचारलं, त्या दिवशी सगळे पळाले, तुम्ही स्टॅंड धरून उभ्या राहिलात. तुम्हाला खरंच भीती नाही वाटली?

"तेव्हा नाही वाटली," त्या म्हणाल्या. "ते तर मले माहीतच होतं, आवाज कोणाचा आहे ते. मॅडमचा फोन मी कितीदा उचलला ऑफिसात." त्यांनी घोट घेतला. "नंतर वाटली. प्रणोतीनं त्या हाताचं सांगितलं ना, तेव्हा. चोवीस वर्षं तो हात मी पुसून राहिले, भाऊ. दर वेळी बोटाले लागे. एकदाही विचारलं नाही, हा काहून वाकडा आहे म्हणून. बाकीच्यायले नाही सुचलं, ठीक आहे. मले तर रोज दिसत होता."

बाहेर घंटा झाली. ताई उठल्या, ओढणी खोचली, कपाटावरून बेडकाची बरणी उतरवली आणि फडक्याने तिचं झाकण घट्ट करत म्हणाल्या, "चलो, बसा तुम्ही. नववी ब आली. आज बेडकाचं हृदय शिकवायचं आहे, अन् सर तर दिसून नाही राहिले."